जगभर जहाजं रिकामी उभी असताना वालचंद हिराचंद यांनी जहाजं का बांधली?

लातूर-मिरज नॅरोगेज गाडी मराठवाड्यात अनेकांना आठवत असेल. हा मार्ग मूळचा बार्शी लाइट रेल्वेचा. याच रेल्वेच्या कामांतून सोलापूरचा एक तरुण कंत्राटदार पुढे आला. त्याचं नाव वालचंद हिराचंद (१८८२-१९५३).

समुद्रात उडी

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने व्यापारी जहाजं लष्करी कामाला लावली. जहाजांचा तुटवडा झाला आणि मालाची भाडी भडकली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं 'लॉयल्टी' हे रुग्णालय-जहाज वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि सहकाऱ्यांनी विकत घेतलं. त्यातूनच सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली.

पण युद्ध संपताच जहाजं पुन्हा व्यापारात आली आणि भाडी कोसळली. १९२३ मध्ये 'लॉयल्टी' भंगारात गेली.

नौदल मोठं की रिकामी जहाजं?

१९२२ च्या वॉशिंग्टन करारानुसार ब्रिटनच्या मोठ्या युद्धनौकांवर एकूण ५ लाख २५ हजार टनांची मर्यादा होती. याउलट १९३२ च्या मंदीत जगभर १ कोटी टनांहून अधिक व्यापारी जहाजं नांगर टाकून उभी होती.

मात्र हे दोन 'टन' सारखे नाहीत. युद्धनौकेचा टन म्हणजे वजन, तर व्यापारी जहाजाचा ग्रॉस टन म्हणजे आतली जागा, साधारण १०० घनफूट. त्यामुळे अमुक पट असं थेट म्हणता येत नाही. तरी मंदी किती खोल होती, हे कळतं.

मग नवी जहाजं कशाला?

कारण रिकामी जहाजं भारताच्या मालकीची नव्हती. मोठ्या ब्रिटिश कंपन्या तोटा सोसून भाडी पाडू शकत होत्या, नव्या कंपनीला ते परवडणारं नव्हतं. १९२३ च्या करारात सिंदियाला किनारी वाहतुकीपुरतं बांधून घेण्यात आलं. युद्ध आलं की परकी जहाजं मालकांच्या देशासाठी धावणार, हेही वालचंद यांनी पाहिलं होतं.

म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, विशाखापट्टणममध्ये सिंदियाच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली. तिथे बांधलेल्या 'जलउषा'चं १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते जलावतरण झालं. हा दिवस वालचंद यांनी पाहिला. पाच वर्षांनी त्यांचं निधन झालं.

'लॉयल्टी' निघाली तो ५ एप्रिल आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.