फादर स्टीफन्स : आद्य पुराणातील विमोचनकथा आणि तिचा कर्ता

फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात प्रामुख्याने येते ते त्यांच्या भाषाप्रेमामुळे. ‘क्रिस्तपुराणा’तील मराठीच्या गौरवाच्या ओव्या शालेय पुस्तकांपासून पदव्युत्तर अभ्यासक्रमापर्यंत इतक्या वेळा पुढे आल्या आहेत, की त्यांच्या झगमगाटात ग्रंथाचा मूळ विषय जवळजवळ दिसेनासा झाला. विषय आहे मानवजातीच्या तारणाचा. त्यातही ‘पैले पुराण’ ख्रिस्तजन्मापूर्वीच्या प्राचीन शास्त्राची, म्हणजे जुन्या कराराची कथा सांगते : ईश्वराचे सामर्थ्य, मानवाचे पतन, दास्य आणि त्यातून सुटका. ही कथा सांगणाऱ्याच्या स्वतःच्या आयुष्यात दास्य आणि सुटका हे शब्द कोणत्या अर्थांनी आले होते, याची दखल घेतल्याशिवाय या भागाचे नीट आकलन होत नाही.

स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातील बुश्टन या गावी एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. त्यांच्या तारुण्यात एलिझाबेथ राणीचे राज्य होते आणि जुन्या कॅथलिक धर्माला चिकटून राहणे हा राजद्रोहाच्या जवळ जाणारा अपराध ठरत होता. थॉमस पाउंड या मित्रासह रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचा त्यांचा बेत होता. पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच निसटले. १५७५ मध्ये त्यांनी रोम येथे येशूसंघाची दीक्षा घेतली. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज २४ ऑक्टोबरला गोव्यास लागले. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेले ते पहिले ज्ञात इंग्रज. ते पुन्हा मायदेशी गेले नाहीत.

म्हणजे छळाच्या राज्यातून बाहेर पडलेला हा मनुष्य ज्या भूमीवर उतरला, तेथे त्याचाच धर्म राज्यकर्त्यांचा धर्म होता. ज्या सासष्टीत त्यांनी पुढची बहुतेक वर्षे घालवली, तेथील देवळे १५६७ मध्ये पोर्तुगीजांनी पाडली होती. त्यापूर्वी ही सासष्टी पुराणश्रवणाला पारखी नव्हती. तेथीलच केळशीच्या कृष्णदास शामा यांनी १५२६ मध्ये मराठी ओवीत कृष्णकथा रचावयास घेतली होती. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना जुन्या पोथ्या वाचण्यास बंदी झाली. धर्म बदलला तरी कान तेच राहिले, आणि त्या कानांना ऐकण्यासारखे काही उरले नाही. १५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे रुदोल्फो आक्वाविवा आणि त्यांचे चार सहकारी ग्रामस्थांच्या हातून मारले गेले. नंतर सरकारने कुंकळ्ळीच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केले. दोन्ही रक्तपात स्टीफन्स यांच्या कार्यक्षेत्रातले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात येथील भाषांच्या रचनेची तुलना ग्रीक व लॅटिन भाषांशी केली आहे. देशी भाषांकडे पाहण्याची ही दृष्टी त्या काळच्या मिशनऱ्यांत सर्रास आढळणारी नव्हती.

त्या वर्षअखेरीस आणखी एक प्रसंग घडला. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी व त्यांचे सोबती या इंग्रज व्यापाऱ्यांना होर्मुझ येथे पकडून गोव्याच्या तुरुंगात आणण्यात आले. हे लोक इंग्लंडच्या त्याच राजवटीचे प्रजाजन, जिच्यामुळे स्टीफन्स परागंदा झाले होते. तरीही त्यांना जामीन मिळवून देण्याच्या कामी स्टीफन्स यांचे साहाय्य झाले. पुढे १५८४ मध्ये ते व्यापारी गोव्यातून निसटून गेले. चरित्रकार या घटनेकडे किस्सा म्हणून पाहतात. पण मित्राला तुरुंगात सोडून आलेल्या माणसाने परक्या देशात देशबांधवांचे बंध सैल करावेत, यात किश्शापेक्षा काही अधिक आहे.

‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. देशी अक्षरांचे खिळे वापरून ग्रंथ छापावेत अशी स्टीफन्स यांची इच्छा होती आणि १६०८ मध्ये त्यांनी रोमला तसे लिहिलेही होते. ते साधले नाही. ग्रंथाच्या प्रारंभी नवख्रिस्ती श्रोत्याची मागणी येते ती मोठी अर्थपूर्ण आहे : जुनी पुराणे वाचू नका म्हणता, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण द्या. ही मागणी ग्रंथात नोंदवणे म्हणजे हिरावून घेतल्याची कबुली देणेच होय, मग कवीचा तसा हेतू असो वा नसो. उत्तरादाखल आलेली रचना सुमारे ११,००० ओव्यांची आहे. पहिल्या पुराणात ३६ आणि दुसऱ्यात ५९ ‘अवस्वरू’ म्हणजे अध्याय आहेत.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. नवदीक्षितांना शिकवायचे होते ख्रिस्तचरित्र. मग त्याआधी ३६ अध्याय प्राचीन शास्त्रासाठी का खर्च करावेत? एक कारण धर्मशास्त्रीय आहे, ते उघड आहे : तारणाऱ्याच्या आगमनाला अर्थ येण्यासाठी तारणाची गरज आधी दाखवावी लागते. दुसरे कारण वाङ्मयीन आहे आणि ते अधिक महत्त्वाचे वाटते. पुराणाच्या श्रोत्याला सृष्टीची उत्पत्ती, वंशांची परंपरा, राजांची चरिते ऐकल्याशिवाय पुराण ऐकल्यासारखे वाटत नाही. सर्ग, प्रतिसर्ग, वंश, मन्वंतर आणि वंशानुचरित या पुराणलक्षणांशी परिचित असलेल्या समाजाला आदामापासून दाविदापर्यंतची कथा आपोआप ओळखीच्या साच्यात बसलेली दिसली असणार. म्हणूनच परमेश्वर, वैकुंठ, मुक्ती हे शब्द स्टीफन्स यांनी बेधडक वापरले, आणि ओवी घेतली ती एकनाथांच्या काळी लोकांच्या ओठी असलेली. एकनाथांचे निर्याण १५९९ चे. हे दोघे समकालीन होते, हे आपल्या वर्गांतून पुरेसे सांगितले जात नाही.

या प्राचीन कथांच्या केंद्रस्थानी मिसर देशातील दास्यातून इस्राएल लोकांची सुटका आहे. राजा बलाढ्य, प्रजा गुलाम, आणि देव प्रजेच्या बाजूचा. समुद्र दुभंगतो, गुलाम पार होतात, राजाचे सैन्य बुडते. जिची दैवते नुकतीच भंगली होती आणि जिच्यावर परकी सत्ता होती, त्या सासष्टीत ही कथा सांगणे वरवर पाहता धोक्याचे होते. धोका टळला तो पारंपरिक ख्रिस्ती अन्वयार्थामुळे. त्यानुसार मिसर म्हणजे पाप, फारो म्हणजे सैतान, समुद्रातून पार होणे म्हणजे बाप्तिस्मा. राजकीय मुक्ती अशा रीतीने आत्मिक मुक्तीत विलीन होते. त्या काळच्या धर्माधिकाऱ्यांना ग्रंथास संमती देण्यात अडचण वाटली नाही, ती यामुळे.

काही अभ्यासक ‘क्रिस्तपुराणा’ला दोन संस्कृतींचा समन्वय म्हणतात. हे विशेषण फार लवकर दिले जाते. समन्वयात दोन्ही पक्षांना बोलण्याची मोकळीक असावी लागते. येथे एका पक्षाच्या पोथ्यांवर बंदी होती. उलट त्यास केवळ सत्तेचे साधन म्हणणेही अपुरे आहे. साधन म्हणून एक प्रश्नोत्तरी पुरली असती, आणि ती स्टीफन्स यांनी कोकणीत लिहिलीही होती. ती त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये प्रसिद्ध झाली. अकरा हजार ओव्या रचण्याला निराळीच निष्ठा लागते. मराठी ही येथील भाषांत श्रेष्ठ म्हणून निवडावी, आणि लोकांना कळावे म्हणून तीत कोकणी शब्द मिसळावेत, असा विचार करणारा मनुष्य श्रोत्यांकडे निव्वळ प्रजा म्हणून पाहत नव्हता.

१६१९ मध्ये गोव्यातच स्टीफन्स यांचे देहावसान झाले. त्यांचे कोकणी व्याकरण १६४० मध्ये छापले गेले. पुराणाच्या १६४९ व १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. परंतु या तिन्ही मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने देशी भाषांच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. ज्या राजवटीच्या आश्रयाने हे पुराण छापले गेले, तिनेच पुढे त्याची भाषा बंद करावयास घेतली. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांत आणि पठणात, मुख्यतः गोव्यातून दक्षिणेकडे कानडा जिल्ह्यात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांमध्ये. त्या हस्तलिखितांच्या आधारे सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे रोमन लिपीतील आवृत्ती सिद्ध केली. देवनागरीत ते पुण्याहून १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली आले. लंडन येथील मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखित सापडले होते. त्याच्या आधारे डॉ. कारिदाद द्रागो यांची आवृत्ती १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली.