डॉ. कार्लोस फिनले : पीतज्वराचे कोडे आणि एकोणीस वर्षांची प्रतीक्षा

२० ऑगस्ट हा दिवस जगभर डास दिन म्हणून पाळला जातो. १८९७ साली याच दिवशी आपल्या देशात, सिकंदराबाद येथे, रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी आढळले आणि पुढे १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. मात्र त्याच तारखेला, १९१५ साली, क्युबाची राजधानी हवाना येथे एका ८१ वर्षांच्या डॉक्टरांनी डोळे मिटले, याची आठवण आपल्याकडे क्वचितच कोणी काढतो. एका विशिष्ट जातीचा डास एका माणसाचा रोग दुसऱ्या माणसाला देतो, ही गोष्ट रॉस यांच्या सोळा वर्षे आधी जाहीर सभेत मांडणारे हे गृहस्थ म्हणजे डॉ. कार्लोस हुआन फिनले. श्रद्धावंत कॅथलिक, स्वभावाने भिडस्त आणि बोलताना अडखळणारे.

पीतज्वर आपल्या देशात कधी पसरला नाही, म्हणून त्याची दहशत आपल्याला ठाऊक नाही. नोकरीसाठी वा मिशनकार्यासाठी आफ्रिकेत जाणाऱ्यांना जी लस टोचून घेऊन पिवळे कार्ड जवळ बाळगावे लागते, ती याच रोगाची. ताप, अंगदुखी, मग कावीळ आणि अखेरीस काळी उलटी, अशी त्याची वाटचाल असे. अमेरिकेतील मेम्फिस शहरात १८७८ च्या एका साथीत पाच हजारांहून अधिक माणसे मेली. रुग्णांची सेवा करताना कित्येक धर्मगुरू आणि धर्मभगिनीही त्यांत कामी आल्या. रोग्याच्या कपड्यांतून आणि अंथरुणातून तो पसरतो असे त्या काळी सर्वजण मानत, म्हणून माणूस गेला की गाद्या, चादरी आणि पत्रेसुद्धा जाळून टाकीत.

फिनले यांचा जन्म ३ डिसेंबर १८३३ रोजी क्युबातील पुएर्तो प्रिन्सिपे, म्हणजे आजच्या कामाग्वे गावी झाला. वडील स्कॉटिश डॉक्टर, आई फ्रेंच वंशाची. शिक्षणासाठी मुलाला फ्रान्सला धाडले, पण तेथे एका मज्जाविकाराने त्याला घेरले आणि त्यातून जिभेला जो अडखळा लागला तो जन्मभर राहिला. १८५५ साली फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजातून पदवी घेऊन ते मायदेशी परतले. १८६५ मध्ये आदेला शाइन यांच्याशी त्यांचा विवाह झाला व त्यांना तीन पुत्र झाले.

हवानात १८६७ साली पटकीची साथ आली. कोणत्या गल्लीत किती रोगी आहेत आणि त्या गल्लीत पाणी कोठून येते, याची टिपणे ठेवून फिनले यांनी दोष उघड्या पाटाच्या पाण्याला दिला. त्यांनी वर्तमानपत्राकडे पत्र धाडले, परंतु सरकारी अंमलदारांवर त्यात ठपका येत असल्याने ते छापू दिले गेले नाही. तो अभ्यास पुढे १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर जे मरायचे ते मरून गेले होते.

पीतज्वराच्या बाबतीत मात्र ते स्वतः बराच काळ आडवाटेला लागले होते. हवेतील क्षारता हे या रोगाचे मूळ असावे अशा समजुतीने त्यांनी वर्षानुवर्षे हवा तपासली. १८७९ साली अमेरिकन वैद्यकीय आयोग हवानाला आला, त्याच्याबरोबर काम करताना त्यांना ती वाट सोडून द्यावी लागली. रोग्याच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत बिघाड होतो हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. तेव्हा एकाच्या रक्तवाहिनीतून काही उचलून दुसऱ्याच्या रक्तवाहिनीत नेऊन सोडणारे असे काय असेल, असा प्रश्न त्यांना पडला. गव्हावरचा तांबेरा आपले आयुष्य दोन निरनिराळ्या वनस्पतींवर पुरे करतो, हे वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथात वाचल्याचाही त्यांना उपयोग झाला. एके रात्री जपमाळ करताना कानाशी डास गुणगुणला आणि त्यांना उत्तर सापडले, अशी कथा आपल्या कॅथलिक मंडळींत सांगितली जाते. कथा गोड आहे. परंतु त्यांच्या निबंधात दिसते ती पायरी पायरीने केलेली मांडणी, आणि माझ्या मते श्रद्धावंत माणसाला तीही तेवढीच शोभून दिसते.

१४ ऑगस्ट १८८१ रोजी हवानाच्या विज्ञान अकादमीत त्यांनी तो निबंध वाचला. ज्या डासाला आज एडीस इजिप्ती म्हणतात (आपल्याकडे डेंगी आणि चिकुनगुन्या पसरवणारा हाच तो पट्टेवाला डास), त्याची मादी पीतज्वर वाहून नेते, असा त्यांचा दावा होता. ही मादी घरात राहते, साठवलेल्या पाण्यात अंडी घालते आणि अनेकदा चावते, ही निरीक्षणेही त्यांनी दिली. सभा शांत राहिली. कोणी प्रश्न विचारला नाही, कोणी विरोधही केला नाही. नंतर मात्र शहरात त्यांची डासवाला डॉक्टर म्हणून टिंगल होऊ लागली. सोबत राहिले ते मुख्यतः एकटे डॉ. क्लाउदिओ देलगादो.

पुढील एकोणीस वर्षांत फिनले यांनी शंभराहून अधिक माणसांवर डास सोडून प्रयोग केले. त्यांत आपल्या दृष्टीने फार जवळचा भाग आहे तो हवानातील येशूसंघीय आणि कार्मेल संघीय धर्मगुरूंचा. स्पेनहून नव्याने येणाऱ्या या मंडळींना पीतज्वर हमखास गाठत असे. थोडे विष अंगात गेले तर सौम्य ताप येऊन पुढे संरक्षण मिळेल, या आशेने फिनले रोग्याला चावलेला डास त्यांच्या दंडाला लावत. सगळे शहर ज्या माणसाला हसत होते त्याच्यापुढे या व्रतस्थांनी आपणहून हात पुढे केले.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण आपल्या लेखनात ती बहुधा वगळली जाते. फिनले यांचा सिद्धान्त खरा होता, पण पुरावा कच्चा होता. रोग्याला चावल्यावर ते डास दोन ते सहा दिवसांतच दुसऱ्याला लावत. वास्तविक आजाराच्या पहिल्या तीन दिवसांतच रोग्याकडून डासाला लागण होते आणि त्यानंतर सुमारे बारा दिवस गेल्याखेरीज तो डास रोग देऊ शकत नाही. त्यामुळे त्यांच्या बहुतेक डासांत रोग नव्हताच. त्यांनी ठरल्याप्रमाणे डास आणखी आठवडाभर बाटलीत ठेवला असता, तर सिद्धान्त तेव्हाच सिद्ध झाला असता आणि त्यांपैकी किती धर्मगुरू दफनभूमीत गेले असते हे देवालाच ठाऊक. ही भीती काल्पनिक नव्हे. १९०१ साली डॉ. हुआन गितेरास यांनी, खरोखर लागण झालेले डास वापरून, हाच संरक्षणाचा प्रयोग हवानात केला तेव्हा तिघे दगावले. त्यांत क्लारा मास ही २५ वर्षांची अमेरिकन परिचारिका होती. त्यानंतर तो मार्ग कायमचा बंद झाला.

१८९८ च्या स्पॅनिश-अमेरिकन युद्धात चौसष्टाव्या वर्षी फिनले सैनिकांच्या सेवेला सान्तियागोच्या छावणीत गेले. युद्धानंतर क्युबा अमेरिकेच्या ताब्यात आला आणि सैनिक पीतज्वराने मरू लागले. तेव्हा जून १९०० मध्ये मेजर वॉल्टर रीड यांचे मंडळ आले. जेम्स कॅरोल, जेसी लाझिअर आणि अरिस्तिदेस आग्रामोंते हे त्यातील इतर डॉक्टर. इतर वाटा खुंटल्यावर ते फिनले यांच्या घरी गेले. फिनले यांनी आपले सारे निबंध आणि जपून ठेवलेली डासांची अंडी त्यांच्या हवाली केली. वीस वर्षे जपलेली पुंजी परक्या देशाच्या लष्करी डॉक्टरांना एका भेटीत देऊन टाकताना त्यांनी कसलीही अट घातली नाही.

त्या अंड्यांतून निघालेल्या डासांनी ऑगस्टच्या अखेरीस कॅरोल यांना मरणाच्या दारात नेऊन परत आणले. लाझिअर मात्र परतले नाहीत. आपल्या हाती काहीतरी लागले आहे, असे ८ सप्टेंबरला त्यांनी पत्नीला कळवले होते. तिला नुकतेच दुसरे अपत्य झाले होते. २५ सप्टेंबर १९०० रोजी ३४ व्या वर्षी ते गेले. त्यांनी ते मूल पाहिलेच नाही. त्यांची टिपणवही वाचून रीड यांना संशय आला की त्यांनी मुद्दामच डास चावून घेतला असावा.

नोव्हेंबरात लाझिअर यांच्या नावाची छावणी उभी राहिली. एका खोपीत तीन जण रोग्यांच्या घाणेरड्या चादरींत वीस रात्री झोपले आणि ठणठणीत बाहेर आले. दुसरीत जाळीच्या एका बाजूला डास होते आणि दुसऱ्या बाजूला नव्हते. डासांच्या बाजूचा जॉन मोरान नाताळच्या दिवशी आजारी पडला. त्याने मोबदला नाकारला होता. गरीब स्पॅनिश स्थलांतरितांना मात्र शंभर सोन्याचे डॉलर आणि आजारी पडल्यास आणखी शंभर देण्याचा करार होता. जिवाला धोका आहे, पण क्युबात राहून हा रोग टाळणे जवळपास अशक्य असल्याने आपण चांगल्या उपचाराच्या भरवशावर तो पत्करतो, अशा अर्थाचा मजकूर त्यांच्या भाषेत लिहून त्यावर सही घेतली जाई. पोट हातावर असलेल्या माणसाची संमती कितपत मोकळी, हा प्रश्न उरतोच. तरी मजकूर समजावून सही घ्यावी एवढा विचार त्या काळी झाला, हेही नोंदवले पाहिजे.

२२ डिसेंबरला हवानात फिनले यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. वर्षाच्या अखेरच्या रात्री रीड यांनी पत्नीला लिहिलेल्या पत्रात देवाचे आभार आहेत. मानवाचे दुःख थोडे तरी हलके करता यावे, ही वीस वर्षांची आपली प्रार्थना ऐकली गेली, असे त्यांनी तिला कळवले. १९०१ च्या आरंभी विल्यम गॉर्गस यांनी हवानातील पाण्याच्या टाक्या झाकल्या, डबक्यांवर तेल ओतले आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरनंतर शहरातून पीतज्वर नाहीसा झाला. त्यानंतर हीच पद्धत पनामात वापरली गेली आणि म्हणून तो कालवा पुरा होऊ शकला.

श्रेयाचा वाद मात्र पेटला. रीड यांनी ऑक्टोबर १९०० च्या पहिल्याच निबंधात फिनले यांचे ऋण मानले होते. पुढे अमेरिकेत रीड यांचेच नाव गाजत राहिले आणि क्युबाला ते झोंबत राहिले. फिनले स्वतः त्या भांडणात फारसे उतरले नाहीत. १९०२ पासून ते क्युबाचे मुख्य आरोग्याधिकारी होते. नवजात बालकांची नाळ बांधायच्या वातीत त्यांना धनुर्वाताचे जंतू सापडले, तेव्हा त्यांनी निर्जंतुक पट्ट्यांची पाकिटे वाटली आणि बालमृत्यू झपाट्याने घटले. माझ्या मते पीतज्वराइतकेच हेही मोठे काम, पण त्यावर कोणी भांडत नाही. नोबेलसाठी त्यांचे नाव सात वेळा सुचवले गेले. सुचवणाऱ्यांत खुद्द रोनाल्ड रॉस होते. पारितोषिक मिळाले नाही. १९५४ साली रोम येथे भरलेल्या वैद्यक-इतिहास परिषदेने मूळ कल्पना फिनले यांची असल्याचे मान्य केले.

हे सारे इतक्या बारकाव्यानिशी कळते ते कागदपत्रांमुळे. संधिवातावरील संशोधनासाठी १९५० चे नोबेल मिळालेले अमेरिकन डॉक्टर फिलिप हेंच यांनी १९३७ पासून मोरान आणि त्याच्या हयात सोबत्यांशी पत्रव्यवहार केला. मृतांच्या घरच्यांकडूनही त्यांनी पत्रे, करारपत्रे आणि छायाचित्रे मिळवली. आज ते हजारो कागद व्हर्जिनिया विद्यापीठात आहेत. लाझिअर छावणीची जागा लोक विसरून गेले होते, तीही हेंच यांनी शोधून काढली. चादरींच्या प्रयोगाची लाकडी खोपी तेथे अजून उभी होती. १९५२ साली क्युबाने ती स्मारक म्हणून जतन केली.