पिठाचे पोते आणि गावची पत
पतपेढीचा जनक रायफायझन याची जीवनकथा

आपल्या गावात विविध कार्यकारी सोसायटी असते. तिच्या पाटीवर सहकार खात्याचा नोंदणी क्रमांक असतो. वर्षाला ऑडिटर येतो, निवडणुकीला अधिकारी येतो. त्यामुळे सोसायटी म्हणजे सरकारचीच एक कचेरी, असे आपल्यापैकी बरेच जण धरून चालतात. पण तिचे मूळ शोधत गेलो, तर ते कुठल्याही मंत्रालयात सापडत नाही. ते सापडते जर्मनीतल्या एका थंड, डोंगराळ आणि गरीब मुलखात. सहकाराच्या परीक्षेला बसलेल्या सचिव मंडळींनी फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन हे नाव घोकलेले असेल. पण हा माणूस कोण होता, त्याच्यावर काय वेळ आली आणि तो कुठे कुठे अडला, हे फारसे कुणी सांगत नाही. ते आज बघू.

हलकी जमीन, भाऊवाटणीचे तुकडे

रायफायझन यांचा जन्म ३० मार्च १८१८ रोजी वेस्टरवाल्ड भागातल्या हाम या गावी झाला. हा भाग तेव्हा प्रशियाच्या राज्यात होता. जमीन हलकी, थंडी फार, पीक मुख्यत्वे बटाटा आणि राई. जहागीरदारांच्या वेठीतून शेतकरी सुटला होता खरा, पण त्या सुटकेचेही पैसे भरायचे होते. त्यात पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन शेताचे तुकडे पडलेले. आपल्याला हे चित्र नवीन नाही.

नऊ भावंडांत हा सातवा. वडील काही काळ हामचे महापौर होते. फ्रीडरिश लहान असतानाच घरचा कर्ता आधार गेला आणि आईने हिमतीने घर चालवले. पुढच्या शिक्षणाला पैसा नव्हता. गावच्या पाद्रीबाबांनी चार अक्षरे शिकवली, तीच शिदोरी. सतराव्या वर्षी पोरगा तोफखान्यात भरती झाला. तिथे तो वर चढला असता, पण डोळ्यांच्या दुखण्याने घात केला. १८४३ साली लष्कर सोडावे लागले. मग सरकारी कचेरीत नोकरी, आणि १८४५ साली वायरबुश इथे महापौरपद मिळाले.

महापौर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे शहर येते. तसे नव्हे. वीसहून अधिक खेड्यांचा कारभार, सरकारने नेमलेला माणूस, पगार बेताचा. आपल्याकडचा सरपंच आणि सर्कल एकाच अंगरख्यात घातला, तर जे होईल ते हे पद. म्हणजे हा माणूस मुळात सरकारचाच नोकर होता, हे लक्षात ठेवा.

दुष्काळ आणि वरचा हुकूम

१८४६ सालच्या हंगामात पीक बसले. बटाट्यावर करपा आधीच आला होता, धान्यही पिकले नाही. हिवाळ्यात लोकांच्या घरात खायला दाणा राहिला नाही. महापौरांनी वर लिहिले. सरकारने कोठारातले पीठ मंजूर केले, पण सोबत हुकूम धाडला : पीठ रोख पैसे घेऊनच द्यायचे.

आता सांगा, ज्याच्या घरात पीठ नाही त्याच्या घरात रोकड कुठून असणार? कागदावर मदत पोचली होती, माणसापर्यंत पोचायची राहिली होती. रायफायझन यांनी जोखीम पत्करली आणि हुकूम बाजूला ठेवून गरिबांना पीठ उधारीवर वाटले.

पण सरकारी पीठ किती दिवस पुरणार? त्यांनी भागातल्या खात्यापित्या घरांना गोळा केले आणि पैसा उभा करून ब्रेड मंडळ स्थापन केले. बाहेरून धान्य आणले, भट्टी घातली, आणि बाजारापेक्षा बऱ्याच स्वस्तात ब्रेड दिला. हातात पैसे नसतील त्याने पीक आल्यावर द्यायचे. वसंतात बियाण्याचे बटाटेही तसेच दिले. पुढचा हंगाम चांगला आला आणि लोकांनी उधारी फेडली. गरीब माणूस उधारी बुडवतो, हा समज तिथे खोटा ठरला.

त्याच काळात त्यांनी शाळा बांधली आणि ऱ्हाईन नदीकडे जाणाऱ्या रस्त्याचे काम हाती घेतले. माल बाजारात पोचला नाही तर पिकवून उपयोग काय, हा हिशोब त्यांना पक्का कळला होता.

गोठ्यातली गाय कुणाची?

१८४८ साली त्यांची बदली फ्लामर्सफेल्डला झाली. इथे तीसहून अधिक खेडी आणि सावकारी पाश जबर. अडलेल्या शेतकऱ्याला व्यापारी जनावर उधारीवर देई. दावणीला बांधलेली गाय चारा शेतकऱ्याचा खाई, पण हिशोब असा वाढत जाई की शेवटी गायही जाई आणि शेतही.

१८४९ च्या डिसेंबरात रायफायझन यांनी तिथे साह्य मंडळ काढले. सुमारे साठ सधन माणसे एकमेकांना जामीन राहिली. त्या जामिनावर पैसा उचलून मंडळाने जनावरे घेतली आणि शेतकऱ्यांना पाच वर्षांच्या हप्त्याने दिली. पुढे जनावरांऐवजी थेट कर्ज देऊ लागले. सावकाराचा धंदा बसला, शेतकऱ्याची गाय शेतकऱ्याची झाली.

१८५२ साली पुन्हा बदली, हेडेसडॉर्फला. हे गाव आज नॉयवीड शहरात मोडते. तिथे १८५४ साली धर्मादाय मंडळ निघाले. अनाथ मुलांची सोय, तुरुंगातून सुटलेल्यांना काम, वाचनालय, जनावरे, कर्ज अशी सगळी कामे एका मंडळाने अंगावर घेतली.

चूक कुठे होती?

मंडळी, गोष्टीचा गाभा पुढे आहे. ही मंडळे चांगली होती, पण टिकेनात. कारण काय? जामीन राहणारे एक आणि कर्ज घेणारे दुसरे. देणाऱ्यांचा उत्साह काही वर्षांनी ओसरे. आपल्याला काही मिळत नाही आणि जोखीम मात्र आपल्या डोक्यावर, मग कशाला, असे त्यांना वाटे. घेणाऱ्यालाही मंडळाशी देणेघेणे नसे. कर्ज मिळाले की संपले. मदतीचा मालक एक आणि गरजू दुसरा, अशी ती वाटणी होती. सरकारच्या पिठाचे जे झाले तेच थोड्या फरकाने श्रीमंतांच्या दानाचे झाले.

रायफायझन धार्मिक वृत्तीचे होते. सधनाने गरिबाला हात द्यावा हे त्यांना धर्मकर्तव्य वाटे. त्यामुळे दानाची वाट सोडणे त्यांना जड गेले. पण अनुभव समोर होता. शहरातल्या कारागिरांसाठी पतसंस्था उभारणारे शुल्झ-डेलिट्श यांच्याशीही पत्रव्यवहार झाला होता. अखेर १८६४ साली हेडेसडॉर्फच्या मंडळाची कर्जपेढी झाली. आता नियम एकच : ज्याला कर्ज हवे त्याने सभासद व्हायचे आणि पेढीच्या सगळ्या देण्याला सगळ्यांबरोबर जबाबदार राहायचे.

नियम साधे, पण कडक

ही अमर्याद जबाबदारी म्हणजे काय? पेढी बुडाली तर प्रत्येक सभासदाचे घरदार, शेत त्यात गुंतलेले. ऐकून धास्ती वाटते ना? पण त्या धास्तीतच किल्ली होती. एकट्या शेतकऱ्याच्या तुकड्यावर कुणी पैसा देत नव्हते. सगळ्या गावाची मालमत्ता मागे उभी राहिली, तेव्हा शहरातला पैसेवालाही ठेव ठेवायला तयार झाला. गावची पत अशी तयार झाली.

आणि जबाबदारी सगळ्यांची म्हटल्यावर लक्षही सगळ्यांचे. म्हणून पेढीचे क्षेत्र लहान, सगळे एकमेकांना ओळखतील एवढेच. कर्ज फक्त सभासदाला आणि कामापुरते. बैलासाठी उचललेले पैसे लग्नात गेले तर शेजाऱ्याला दुसऱ्या दिवशी कळे. पंच मंडळी बिनपगारी, हिशोब ठेवणाऱ्यालाच काय तो थोडा मोबदला. नफा वाटायचा नाही, तो राखीव निधीत घालायचा आणि त्या निधीची वाटणी कधीच करायची नाही. परतफेड वर्षांच्या हप्त्यांनी, कारण शेताला पैसा परत द्यायला वेळ लागतो.

या शेवटच्या मुद्द्यावर शुल्झ-डेलिट्श यांच्याशी पुढे मोठा वाद झाला. ठेवीदार आज पैसे मागेल आणि कर्ज पाच-दहा वर्षांनी फिटेल, हे कसे चालणार, असा त्यांचा आक्षेप. तो बिनबुडाचा नव्हता. रायफायझन यांचे उत्तर असे की गावोगावच्या पेढ्यांनी मिळून मध्यवर्ती पेढी काढावी. एका गावातला रिकामा पैसा दुसऱ्या गावाच्या गरजेला जाईल. १८७२ साली नॉयवीडला अशी पहिली मध्यवर्ती बँक निघाली. आपली जिल्हा मध्यवर्ती बँक याच विचारावर उभी आहे.

हे सगळे करणारा माणूस तोवर खचला होता. १८६३ साली पत्नी वारली. डोळे जवळजवळ गेले. १८६५ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, प्रकृतीमुळे नोकरीतून मोकळे केले गेले. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून सिगारचा कारखाना काढून बघितला, पुढे द्राक्षमद्याचा व्यापार केला. चळवळीतून स्वतःसाठी पैसा घेतला नाही. १८६६ साली पतपेढ्यांवरचे त्यांचे पुस्तक आले. त्यांचे डोळे म्हणजे थोरली मुलगी अमाली. वाचणे, लिहिणे, पत्रव्यवहार सगळा तिच्या हातून होई. ११ मार्च १८८८ रोजी ते वारले, तेव्हा त्यांच्या संघात चारशेहून अधिक पेढ्या होत्या.

आपल्याकडे काय झाले?

याच काळात इकडे बघा. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली. दख्खनचे दंगे म्हणून ते प्रसिद्ध आहेत. सरकारने १८७९ साली शेतकऱ्यांसाठी कायदा केला, पुढे तगाईचे कायदे आले. पण तगाई म्हणजे पुन्हा सरकारी पीठच. मग मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन यांना युरोपातल्या पेढ्या अभ्यासायला सांगितले. त्यांच्या १८९५ ते ९७ च्या अहवालाचे सार एवढेच होते की हिंदुस्थानने आपला रायफायझन शोधावा.

सरकारने काय शोधले? कायदा. १९०४ च्या कायद्यात ग्रामीण संस्थेची जबाबदारी अमर्याद ठेवली, नफा राखीव निधीत घातला. नियम रायफायझनचे होते, पण क्रम उलटा झाला. तिकडे आधी गाव उभे राहिले, पेढ्या चालल्या आणि मग १८६७ साली प्रशियात कायदा आला. इकडे आधी कायदा आणि रजिस्ट्रार आला, मग गावाला सभासद व्हायला सांगितले. परिणाम काय? १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी सहकाराचा वाटा सुमारे ३ टक्के निघाला. त्यावर उपाय म्हणून सरकारनेच संस्थांत भांडवल घालावे, असे ठरले. पैसा वाढला, सोसायट्या वाढल्या, सावकाराचा विळखा बराच सैल झाला, हे नाकारून चालणार नाही. पण सोसायटी आपली, ही भावना त्या मानाने वाढली नाही.

अपवाद होते, आणि ते आपल्याच मातीतले. अहमदनगर जिल्ह्यातल्या लोणी इथे विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ साली पतसंस्था काढली. तिथे मुरलेल्या विश्वासावरच पुढे शेतकऱ्यांनी गावोगाव भागभांडवल गोळा केले, आणि १९५० साली प्रवरेचा साखर कारखाना उभा राहिला. सरकारने त्यात हात दिलाच. पण आधी माणसे उभी होती, म्हणून त्या हाताचा उपयोग झाला.

आता आपला हिशोब

रायफायझन सरकारच्या विरोधात नव्हते. दुष्काळात सरकारचे पीठ त्यांनी मागून आणले. दुष्काळ, गारपीट, महापूर आला की सरकारने धावून यायलाच हवे, तो आपला हक्क आहे. कर्जमाफी २००८ साली झाली, २०१७ साली झाली, २०१९ सालीही जाहीर झाली. बुडणाऱ्याला ती लागतेही. पण माफीने सात-बारा कोरा होतो, गावची पत तयार होत नाही. पुढच्या हंगामात पुन्हा बियाण्याला पैसा लागतो, आणि तो कुणाच्या भरवशावर उभा करायचा, हा प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

सोसायटीची वार्षिक सभा सप्टेंबरअखेर होते. किती सभासद जातात? बऱ्याच ठिकाणी रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात. यंदा तेवढे करू नका. जा, बसा, आणि तीन गोष्टी विचारा : राखीव निधी किती आहे, थकबाकीत सर्वांत मोठी नावे कुणाची आहेत, आणि आपल्या गावच्या स्वतःच्या ठेवी किती आहेत. चेअरमन, सचिव मंडळींनीही हे आकडे फलकावर आपणहून लावावेत. संस्था बुडाली तर कुणाचे बुडते, याचे उत्तर गावाला त्या फलकावर वाचायला मिळाले पाहिजे.