विश्लेषण : प्लेगच्या मुंबईने हाफकिन यांची सुई का स्वीकारली? मुलकोवालनंतर काय बिघडले?

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव पोलिओची लस आणि सर्पदंशावरील औषधामुळे बहुतेकांनी ऐकलेले असते. ज्यांचे नाव या संस्थेला मिळाले, त्या वाल्डेमार हाफकिन यांना मात्र लस तयार करण्यापेक्षा ती लोकांच्या गळी उतरवणे अधिक जड गेले.

हाफकिन कोण होते?

जन्म १८६० चा, ओडेसा शहरातील. ज्यू कुटुंब. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना काम मिळाले, तेही सुरुवातीला ग्रंथालयात. तिथेच त्यांनी पटकीवरील लस तयार केली आणि जुलै १८९२ मध्ये पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले. ते वैद्यकीय पदवीधर नव्हते, ब्रिटिशही नव्हते. सरकारी डॉक्टरांच्या वर्तुळात हे दोन्ही खटकणारे होते.

कलकत्त्यात दगड का पडले?

१८९४ मध्ये पटकीची साथ असलेल्या कलकत्त्याच्या वस्त्यांत हाफकिन पोहोचले, तेव्हा लोकांनी दगडफेक केली. सुई घेऊन आलेला गोरा माणूस, म्हणजे सरकारचाच माणूस. हाफकिन यांनी पोलीस बोलावण्याऐवजी गर्दीसमोर स्वतःच सुई टोचून घेतली. सोबत स्थानिक भारतीय डॉक्टर घेतले. लोकांच्या भाषेत बोलणारा, ओळखीचा डॉक्टर दारात उभा राहिल्यावर चित्र पालटले. पुढे त्याच वस्त्यांत लोक पहाटेपासून रांगा लावू लागले.

मुंबईत नेमके काय घडले?

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे रुग्ण सापडले. डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी रोग ओळखला. महिन्याभरात हाफकिन मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक छोटी खोली, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्या साधनांवर तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचली. ताप आला, अंग दुखले, पण ते कामावर हजर राहिले. त्यानंतर कॉलेजातील डॉक्टर आणि इतर स्वयंसेवक पुढे आले. भायखळ्याच्या तुरुंगात सुमारे दीडशे कैद्यांनी लस घेतली. त्यांच्यापैकी दोघांना प्लेग झाला, मृत्यू एकाचाही नाही. लस न घेतलेल्यांत मात्र सहा जण दगावले.

आकडे चांगले होते. पण चाळीत राहणाऱ्या माणसाला आकडे कोण सांगणार? त्याला दिसत होती ती घराघरांत घुसणारी तपासणी पथके आणि रुग्णाला उचलून नेणारी गाडी. ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला होता. पुण्यात तर रँडने तपासणीसाठी गोरे सैनिक घरात पाठवले. पुढे २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी काय केले, ते सर्वांना ठाऊक आहे. प्रशासनाचा हेतू साथ रोखण्याचा असेलही, पण लोकांपर्यंत पोहोचला तो फक्त धाक. परिणामी घरात प्लेगचा रुग्ण असला तरी तो लपवला जाऊ लागला.

हाफकिन यांची लस याच काळात, याच शहरात ऐच्छिक होती. तिला सर्वांत मोठा आधार मिळाला तो विशीतल्या आगा खान यांचा. त्यांनी प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज बंगला दिला आणि अनुयायांसमोर एकदा नव्हे, अनेकदा लस टोचून घेतली. खोजा समाजातील हजारो लोकांनी त्यांचे अनुकरण केले. सरकारी जाहीरनाम्याला हे साधले नसते. ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

मुलकोवालमध्ये काय चुकले?

१९०२ मध्ये पंजाब सरकारने मोठी लसीकरण मोहीम आखली. गावोगाव अफवा आधीच पसरल्या होत्या : सुई हातभर लांब असते, टोचल्यावर माणूस मरतो, वाचलाच तर नपुंसक होतो. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल गावात १०७ जणांना लस दिली गेली. त्यांतील एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. अफवांना पुरावाच मिळाला.

अशा वेळी काय झाले, कसे झाले, उरलेली लस सुरक्षित आहे का, हे लोकांना लवकर आणि उघडपणे सांगणे गरजेचे होते. झाले उलटेच. चौकशी आयोग बसला, हाफकिन निलंबित झाले आणि अहवाल अनेक वर्षे जनतेसमोर आला नाही. आला तेव्हा ठपका प्रयोगशाळेवर होता. मात्र त्यातल्याच साक्षीपुराव्यांत एक साधी गोष्ट नोंदलेली होती : गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता. दोष मुंबईतल्या लशीत नसून तिथल्या हाताळणीत असल्याचे यातून दिसत होते.

दरम्यान पंजाबची मोहीम कोसळली. प्लेग मात्र थांबला नाही. त्यानंतरच्या काही वर्षांत पंजाबात लाखो लोक मरण पावले. यातले किती वाचले असते, याचा हिशेब कुणी मांडू शकत नाही.

दोषमुक्ती कशी झाली?

मलेरियावरील संशोधनासाठी नोबेल मिळवणारे रोनाल्ड रॉस यांनी हा विषय लावून धरला. जुलै १९०७ मध्ये त्यांच्यासह दहा शास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आले आणि प्रकरण संसदेपर्यंत पोहोचले. त्याच वर्षअखेर हाफकिन दोषमुक्त झाले. ते पुन्हा भारतात आले, पण कलकत्त्यात. परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. काही वर्षांनी ते निवृत्त होऊन युरोपात गेले.

मुंबईच्या प्रयोगशाळेतून १८९७ ते १९२५ या काळात प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या. १९२५ मध्ये या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.