नॉर्मन बॅरेट : मत बदलणारे शल्यविशारद
नॉर्मन बॅरेट १९०३ मध्ये ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे जन्मले. कारकीर्द मात्र लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात घडली. काही रुग्णांच्या अन्ननलिकेच्या खालच्या भागात जठरासारखे अस्तर दिसे. आखूड अन्ननलिकेमुळे वर ओढले गेलेले ते जठरच, असे बॅरेट यांनी १९५० मध्ये मांडले. ॲलिसन आणि जॉनस्टोन यांनी १९५३ मध्ये ते खोडून काढले. १९५७ मध्ये बॅरेट यांनीही मान्य केले, की ती अन्ननलिकाच आहे. बदलले आहे ते अस्तर. १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले.

जठरातील आम्ल वर्षानुवर्षे वर येत राहिल्याने होणाऱ्या या बदलाला ‘बॅरेट्स इसोफॅगस’ म्हणतात. त्यातून काहींना कर्करोग होतो. तो अगदी सुरुवातीला सापडला, तर एंडोस्कोपीने गाठ काढून उरलेले बदललेले अस्तर रेडिओलहरींच्या उष्णतेने जाळतात. तिथे पुन्हा निरोगी अस्तर येते आणि अनेकांची अन्ननलिका वाचते.