विश्लेषण : चांद्याचे लोखंड पात्याला पुरले, जमशेटजींच्या कारखान्याला का नाही?

जपानी ‘टान्टो’च्या धाटणीचा, न मिटणारा सुरा जंगलभ्रमंती करणाऱ्यांच्या कमरेला आता दिसू लागला आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोयता आणि कुऱ्हाड करत आली. दोन्हींचे मूळ एकच : लोहखनिज, लोणारी कोळसा आणि भाता. एवढ्यावर पाती घडली. पोलादाचा मोठा कारखाना मात्र घडला नाही. तो चांद्यात व्हावा, असे मनावर घेतले ते जमशेटजी टाटा यांनी.

लहान भट्टीत लोखंड कसे तयार होई?

मातीच्या बुटक्या भट्टीत खनिज आणि लोणारी कोळसा थरांनी भरायचा आणि भात्याने वारा द्यायचा. लोखंड पूर्ण वितळत नाही. स्पंजासारखा गोळा तळाशी उरतो. तो तापवून, ठोकून मळ काढला की कामाचे लोखंड मिळते. जपानची ‘तातारा’ भट्टी याच तत्त्वावर चालते. तिथे खनिज म्हणून काळी लोहवाळू वापरतात आणि धग तीन दिवस, तीन रात्री टिकवतात. त्यातून निघणाऱ्या ‘तामाहागाने’ पोलादाला घड्या घालून पाते घडते, कठीण धारेचे आणि लवचीक पाठीचे. चांद्याच्या लोहाराकडे एवढा सरंजाम नव्हता, पण इंधन तेच होते. झाडापासूनचे.

जमशेटजींचे लक्ष चांद्याकडे कसे गेले?

३ मार्च १८३९ रोजी नवसारीत जन्मलेल्या जमशेटजींनी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि १८६८ मध्ये २१ हजार रुपयांच्या भांडवलावर स्वतःची पेढी काढली. कापडगिरणी मुंबईतच हवी, असे तेव्हा धनिक मानत. जमशेटजींनी कापूस पिकतो तिथे, नागपुरात, एम्प्रेस मिल उभारली. १ जानेवारी १८७७ रोजी ती सुरू झाली. पाच वर्षांनी जर्मन भूगर्भतज्ज्ञ रिटर फॉन श्वार्ट्झ यांचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथे उत्तम खनिज आहे आणि वरोऱ्याची कोळसा खाण फार दूर नाही, असा त्याचा रोख होता. गिरणीचेच गणित पोलादालाही लागू पडेल, असे वाटणे स्वाभाविक होते.

घोडे कोळशापाशी अडले. उंच झोतभट्टीला दगडी कोळशापासून केलेला टणक कोक लागतो. तो नुसता जळत नाही, वरच्या खनिजाचा भारही पेलतो. वरोऱ्याच्या कोळशाचा असा कोक होत नव्हता. लोणारी कोळशावर मोठी भट्टी चालवायची, तर जंगलच्या जंगल पोटात गेले असते. त्यातच खाणपट्ट्याच्या सरकारी अटी जाचक. बेत बाजूला पडला, मनातून गेला नाही. पोलादाविषयीची कात्रणे ते जमवत राहिले.

जपानने हा पेच कसा सोडवला?

जमशेटजी १८९३ मध्ये जपानला गेले होते. कापसाच्या जहाजभाड्यातील मक्तेदारी मोडण्यासाठी त्यांनी जपानी कंपनीशी हात मिळवला. योकोहामा-व्हँकुव्हर प्रवासात विवेकानंद सहप्रवासी होते. त्याच जपानने १९०१ मध्ये यावाता येथे सरकारी पोलाद कारखाना सुरू केला. कोळसा जवळचा होता, खनिज चीनमधून बोटीने आणले जाई. जमशेटजींच्या पाठीशी असे सरकार नव्हते, हा फरक छोटा नाही.

पुन्हा चांद्याकडे वळण्याचे कारण काय?

१८९९ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या काळात खाणींचे नियम सैल झाले. साठी ओलांडलेल्या जमशेटजींनी १९०२ मध्ये अमेरिका गाठली आणि अभियंता चार्ल्स पेज पेरिन यांना राजी केले. पेरिन यांचे सहकारी वेल्ड भारतात आले आणि जमशेटजींचे पुत्र दोराबजी यांच्यासोबत बैलगाडीने चांद्याचे जंगल फिरले. खनिज होते, पण विखुरलेले. मोठ्या कारखान्याला पुरेल इतके नव्हे. कोकची अडचण तर कायमच होती. काम थांबवत असल्याचे कळवायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले आणि वाट पाहताना समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथल्या नकाशात दुर्ग जिल्ह्यात लोहखनिजाच्या गडद खुणा होत्या. शोध पूर्वेकडे सरकला. फेब्रुवारी १९०४ मध्ये भूगर्भतज्ज्ञ प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजमधील खनिजाविषयी पत्र पाठवले. ते झरियाच्या कोक होणाऱ्या कोळशाच्या आवाक्यात होते.

पुढची पाहणी जमशेटजींना दिसली नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले. साकचीच्या कारखान्यातून, म्हणजे आजच्या जमशेदपुरातून, पहिले पोलाद निघाले १९१२ मध्ये.

कोयत्याच्या पात्याचे पुढे काय झाले?

कारखान्याचे स्वस्त लोखंड बाजारात आले आणि मातीच्या भट्ट्या विझल्या. आज एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरातून खनिज भरून ट्रक निघतात. गावचा लोहार कोयता घडवतो, तो बहुधा अशाच एखाद्या ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून.