बर्थाबाईंचा ब्रेक

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यातली गोष्ट. आमच्या सक्करदऱ्यात बुधवारी बाजार भरतो, म्हणजे गाडी चालवणाऱ्याची परीक्षाच. भाजीचे ठेले, सायकलवाले, मध्येच एखादी गाय. मी आमची इलेक्ट्रिक कार हळूहळू काढत होते. ब्रेक दाबला, तर पायडल रोजच्या जागी थांबेचना. ओल्या स्पंजावर पाय पडावा तसं मऊ लागलं आणि बरंच खाली गेलं. गाडी थांबली, पण माझ्या छातीत धस्स झालं.

घरी सांगितलं, तर नवऱ्याला काहीच जाणवलं नव्हतं. मुलाचं म्हणणं, इलेक्ट्रिक गाडीचा ब्रेक असाच असतो, आई उगाच घाबरते. मी गप्प बसले. पण माझ्या पायाला कळलं होतं ते कळलं होतं. त्या रात्री मला सारखी एक बाई आठवत राहिली. बर्था बेंझ.

बर्थाचा जन्म ३ मे १८४९ चा, जर्मनीतल्या फोर्ट्सहाइम गावचा. घर खाऊनपिऊन सुखी. पण ती जन्मली तेव्हा, पुन्हा मुलगीच झाली, अशी खंत वडिलांनी घरच्या बायबलात लिहून ठेवली होती, असं सांगतात. आपल्याकडचंच वाटतं ना बाई हे? कार्ल बेंझ नावाच्या इंजिनिअरशी तिचं लग्न ठरलं. त्याच्या डोक्यात यंत्रं, खिशात मात्र खडखडाट. भागीदाराशी बिनसलं आणि कारखाना हातचा जायची वेळ आली, तेव्हा १८७१ मध्ये बर्थानं लग्नाआधीच आपल्या हुंड्याचे पैसे मागून घेतले आणि भागीदाराचा हिस्सा सोडवला. १८७२ मध्ये लग्न झालं. पुढं पाच लेकरं, ओढगस्तीचा संसार आणि नवऱ्याचं कधी चालणारं, कधी बंद पडणारं इंजिन, हे सगळं तिनं सांभाळलं.

२९ जानेवारी १८८६ ला कार्लनं तीन चाकांच्या मोटारगाडीचं पेटंट मागितलं. नाव एकट्या कार्लचं. गाडी तयार होती, पण घेणारं कोणी नाही. लोकांना ते भूत वाटे. कार्लचा स्वभाव भिडस्त. तो गाडी सुधारत बसे, पण लोकांपुढं नेत नसे. मग ऑगस्ट १८८८ मधल्या एका पहाटे बर्थानं नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली. सोबत १५ वर्षांचा ऑयगन आणि १३ वर्षांचा रिशार्ड. जायचं होतं मॅनहाइमहून माहेरी फोर्ट्सहाइमला, सुमारे १०० किलोमीटर. एवढ्या लांब तोवर जगात कोणीही मोटार नेली नव्हती.

रस्ते बैलगाडीचे, पेट्रोल पंप कुठून असणार! विस्लोख गावात तिनं औषधाच्या दुकानातून डाग काढायचं द्रावण विकत घेतलं आणि तेच इंधन म्हणून टाकीत ओतलं. नळी तुंबली, टोपीच्या पिनेनं मोकळी केली. तार उघडी पडली, मोज्याचा पट्टा गुंडाळला. चढावर पोरांनी गाडी ढकलली. पण खरी कसोटी उतारावर लागली. गाडीचे ब्रेक म्हणजे लाकडी ठोकळे. घासून घासून ते झिजले आणि पकड ढिली पडली. बर्थानं ते ओळखलं, वाटेतल्या गावात चांभार गाठला आणि ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. गाडीच्या ब्रेकला अस्तर लावायची कल्पना अशी एका आईनं वाटेत उभं राहून अंमलात आणली. आजच्या ब्रेक पॅडचं मूळ तिथलं.

अंधार पडताना ती माहेरी पोचली आणि नवऱ्याला तार केली. काही दिवसांनी गाडी घेऊनच परतली. चढासाठी आणखी एक गिअर हवा, हेही तिनं कार्लला सांगितलं आणि त्यानं ते केलं. या प्रवासाचा बोलबाला झाला आणि लोक गाडीकडं वेगळ्या नजरेनं पाहू लागले. कार्ल १९२९ मध्ये गेला. बर्था ५ मे १९४४ ला, ९५ वर्षांची होऊन.

सकाळी मी गाडी जागची हलवली नाही. इलेक्ट्रिक गाड्यांचं काम शिकलेल्या मेकॅनिकलाच घरी बोलावलं. त्यानं मला पायडल दाबून धरायला सांगितलं. दाबलेलं पायडल हळूहळू खाली सरकत राहिलं, तर मास्टर सिलिंडर गेला समजायचं. आमचं सरकलं नाही. भराभर दोन-तीनदा दाबल्यावर मात्र कडक झालं, म्हणजे तेलाच्या नळीत हवा. मग त्यानं तेलाची पातळी पाहिली, चारही चाकं आतून तपासली. मागच्या डाव्या चाकाचं निपल जरा सैल होतं, भोवती ओल होती. तेलही चहासारखं काळपट झालेलं. ही गाडी पाय उचलला की मोटरच्या जोरावर मंदावते आणि बॅटरी थोडी भरून घेते. त्यामुळं ब्रेक कमी लागतो, पॅड टिकतात आणि मग ब्रेककडं कोणी बघतच नाही. तेल मात्र वापरा, न वापरा, हवेतला ओलावा पीत राहतं. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मुदतीत, बहुतेक दोन वर्षांनी, ते बदलावंच लागतं.

त्यानं निपल घट्ट बसवलं, नवं तेल भरलं. मग मी आत बसून पायडल दाबायची आणि धरायची. तो निपल उघडायचा, पारदर्शक नळीतून बुडबुडे निघायचे. त्यानं निपल बंद केल्यावरच मी पाय सोडायची. आधी सोडला तर हवा पुन्हा आत. काही गाड्यांना याच कामासाठी कॉम्प्युटर जोडावा लागतो, म्हणून घरच्या घरी प्रयोग नको आणि नारिंगी तारांना तर हातही नको, असं त्यानं बजावलं.

शेवटी पायडल वरच थांबलं, कडक. गल्लीत हळू चालवून पाहिली. मुलगा शेजारी बसला होता. त्यानंही दाबून पाहिलं आणि काही बोलला नाही.

मी आत आले. कॅलेंडरवर दुधाचा हिशेब आणि सिलिंडर लागल्याची तारीख असते ना, त्याच्याच खाली लिहिलं : ब्रेकचं तेल बदललं.